तिघांचा डाव

गणपतीत आमच्या खानापूरकडच्या घरी रात्रीची आरती आटोपली की पत्ते निघतात. दरवर्षी मेंढीकोट, नाहीतर रमी. मागे एका गणपतीत चुलतभावानं, म्हणजे दादानं, पोकर शिकवलं. काकीची अट एकच होती, पैसे लावायचे नाहीत. प्रत्येकाला ३० चिंचोके, तेही तिनेच मोजून दिलेले.

पहिले चार दिवस आम्ही नऊजण होतो. मी गप्प बसायचो, पानं चांगली आली तरच खेळायचो आणि बहुतेक जिंकायचो. पाचव्या दिवशी विसर्जन झालं, पाहुणे गेले. उरलो तिघं: मी, दादा आणि काकी (दादाची आई). मी आदल्या रात्रीसारखाच खेळलो आणि तासाभरात सगळे चिंचोके संपले. गंमत म्हणजे एकही मोठा डाव हरलो नव्हतो. नुसता बसून संपलो!

का, ते सांगतो. आधी खेळ थोडक्यात; ज्यांना येतो त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात. मध्ये सर्वांसाठी पाच पानं उघडतात: आधी तीन, मग एक, मग शेवटचं एक. सातांतून उत्तम पाचांचा हात धरायचा. प्रत्येक टप्प्यावर रक्कम वाढवता येते (रेझ), बरोबरी करता येते (कॉल), नाहीतर पानं टाकून द्यायची (फोल्ड). बाकी सगळ्यांनी पानं टाकली तर उरलेला माणूस काही न दाखवता पॉट घेतो. आणि पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांना पानं बघण्याआधीच काही घालावं लागतं. याला ब्लाइंड म्हणतात. आमच्याकडे एकाचा १ चिंचोका, दुसऱ्याचे २.

सगळी गोम या ब्लाइंडमध्ये आहे. नऊजण असताना नऊ डावांत मिळून माझे ३ चिंचोके जायचे. तिघं असताना तीन डावांतच ३. म्हणजे काही न करता बसायचं भाडं डावाला एक चिंचोका. हातात दोन एक्के यायची शक्यता २२१ डावांत एकदा. नऊजणांत तेवढी वाट पाहायची किंमत साधारण ७४ चिंचोके होते, तिघांत २२१. माझ्याकडे होते ३०.

दुसरी गोष्ट समोरच्यांची. उत्तम दहा टक्क्यांतली पानं ही खरी भारी पानं असं धरू. समोर आठजण असतील तर त्यांतल्या निदान एकाकडे तशी पानं असण्याची शक्यता ढोबळमानानं ५७ टक्के. समोर दोघंच असतील तर १९ टक्के. म्हणून नऊजणांत जो राजा-सत्ता मी डोळे झाकून टाकत होतो, तो तिघांत बरा हात ठरतो. वाटणारा मी असेन आणि ४ चिंचोके लावून मधले ३ उचलायला बघत असेन, तर सातांत चार वेळांपेक्षा जास्त त्या दोघांनी पानं टाकली की झालं, माझी पानं काहीही असोत.

हे दादानं समजावलं आणि दुसऱ्या रात्री माझ्या अंगात वारं शिरलं. प्रत्येक डावात रेझ! पहिला अर्धा तास छान गेला. मग काकीनं टाकणं बंद केलं. मधे १२ चिंचोके होते, माझ्याकडे काही म्हणजे काही नव्हतं, तरी मी शेवटच्या पानावर १२ लावले. काकीनं चष्मा वर केला. "बघू दे की रे. चिंचोकेच तर आहेत!" तिच्याकडे सत्त्यांची जोडी होती. माझा तोंडावळा बघून दादा इतका हसला की मला रागच आला.

मग तोच वहीवर हिशेब मांडून बसला. पॉट १२ आणि मी १२ लावले, तर काकीला १२ घालून २४ मिळवायची संधी असते. तीनांत एकदा जरी ती बरोबर ठरली तरी तिचं नुकसान नाही. म्हणून एवढी रक्कम लावताना माझ्या तीन बाजींपैकी दोन खऱ्या आणि एक खोटी असावी, म्हणजे तिला कॉल करूनही फायदा नाही आणि टाकूनही नाही. अर्धाच पॉट लावायचा असेल तर चारांत एक खोटी. आक्रमक व्हायचं म्हणजे किती, याचं उत्तर असं अपूर्णांकात आहे आणि ते लावलेल्या रकमेप्रमाणे बदलतं. मला तोवर वाटत होतं की हा स्वभावाचा प्रश्न आहे!

जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४च्या त्यांच्या ग्रंथात पोकरची सविस्तर चर्चा केलीय. त्यांच्या मते ब्लफचे हेतू दोन. एक उघडच आहे, कमजोर पानांवर डाव मारणं. दुसरा मला जास्त आवडला: अधूनमधून ब्लफ पकडला गेला तरच लोक तुमच्या भारी पानांवर पैसे घालतात. कधीच खोटं न खेळणाऱ्याला खऱ्याचंही मोल मिळत नाही.

पण हे अपूर्णांक अचूक खेळणाऱ्या माणसासमोरचे. काकी दहांत एकदा पानं टाकते. तिच्यासमोर तीनांत एक तर सोडाच, एकही ब्लफ परवडत नाही. उलट मधल्या पानांची जोडी असली तरी बिनधास्त लावावं, कारण ती त्याहून हलक्या पानांवरही बघायला येणारच. दादाचं वेगळं. तो वाटणारा असला की प्रत्येक वेळी ४ लावतो, तेव्हा त्यातली बरीच पानं फुसकी असणार. माझे २ आधीच आत असतात, त्यात १० घालून १२ केले तर मधले ७ मिळवायला मी १० धोक्यात घालतो. दहांत सहा वेळा त्यानं माघार घेतली तरी पुरे. म्हणजे एकाच डावात डावीकडच्या माणसासमोर गरीब आणि उजवीकडच्यासमोर दांडगट व्हायचं. हे लिहायला सोपं आहे.

दादाला हे सगळं कुठून येतं ते घरात सर्वांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं. बेळगावात नोकरीला असताना तो फोनवर सहाजणांच्या टेबलावर पैसे लावून खेळायचा. सुरुवातीचे काही आठवडे प्रत्येक डावात रेझ करून जिंकला. मग समोरच्यांनी त्याला ओळखलं, ते बघायला येऊ लागले, आणि याला वेग कमी करता येईना. हरलेलं भरून काढायला आणखी जोरात. दोन महिन्यांचा पगार गेला. २०२५च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्याच्या आधीच त्यानं ते ॲप काढून टाकलं होतं. "गणित मला तेव्हाही येत होतं," तो वही मिटत म्हणाला. काकी चिंचोके दहा-दहाच्या ढिगात लावत होती. ती काही बोलली नाही.

तिसऱ्या रात्री शेवटच्या डावात माझ्याकडे राण्यांची जोडी. दादानं पानं टाकली. मधे १० होते, मी ५ लावले. काकीनं नेहमीसारखं "बघू दे की" म्हटलं आणि अठ्ठ्यांची जोडी दाखवली. पुढच्या डावाला पत्ते पिसणार तेवढ्यात वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात मोजले: काकी ३८, दादा ३१, मी २१.

"नव्वद भरले," काकी म्हणाली आणि चिंचोके डब्यात ओतले.