वाळूतला काळा पतंग

नॉक्टुइडी हे पतंगांचं कूळ आपल्या शेतकऱ्याला चांगलंच ठाऊक आहे. फक्त पतंग म्हणून नव्हे, अळी म्हणून. हरभऱ्यातली घाटेअळी, मक्यावरची लष्करी अळी, रोपं बुंध्याशी कुरतडणारी अळी, सगळी याच घराण्यातली. इंग्रजीत या पतंगांना घुबडाची पिल्लं म्हणतात.

मुलीकडे सिएटलला गेलो असताना जूनमध्ये व्हिडबी बेटावर गेलो होतो. रात्रीचे नऊ वाजले तरी उजेड होता. समुद्रकाठच्या वाळूत जाड, चिकट पानांची एक वेल सरपटत होती, पिवळ्या फुलांची. तिच्यावर दीडेक इंच पंखविस्ताराचा काळपट पतंग येऊन बसला.

तो कोपाब्लेफॅरॉन फस्कम असावा. ‘असावा’ म्हणतो, कारण या कुळात नुसत्या पंखांवर विसंबणारा फसतो. अभ्यासक पतंगाचं पोट पोटॅशच्या द्रावणात मऊ करतात आणि जननेंद्रियांचे कठीण भाग सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहतात. त्यांचा आकार पंखांच्या रंगापेक्षा भरवशाचा. इथे मात्र रंगही बोलका आहे. या प्रजातीचे बरेचसे भाईबंद वाळूसारखे फिकट, हा गडद. फस्कम म्हणजे लॅटिनमध्ये काळपटच.

ट्रॉब्रिज आणि क्रॅबो या दोघांनी 1995 साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. सिएटलसारखं महानगर जवळ असूनही तोवर त्याला नाव नव्हतं! वर्गीकरणात तो रोपं कुरतडणाऱ्या अळ्यांच्या शाखेत बसतो. पण त्या मिळेल ते खातात आणि याची अळी फक्त ती पिवळी वेल. वेलीला मोकळी, हलती वाळू लागते. गवत-झुडपं माजून वाळू एकदा स्थिरावली की वेल हटते, मागोमाग पतंगही. कॅनडात 2003 साली त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली, नाव मिळाल्यावर आठ वर्षांनी. बिननावाच्या जिवाची अशी नोंद कशी करणार, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा पडला.

मी फोटो काढला, पतंग पकडला नाही. ओळख तेवढी अर्धीच राहिली. त्याच्या अळ्या दिवसा वाळूत दडतात, हिवाळाही तिथेच काढतात. मुलीला ते सांगितलं आणि आम्ही दोघं वेल टाळून, पाण्यालगतच्या ओल्या वाळूवरून परतलो.