घरी काडतुसे भरण्याचे यंत्र : घेण्यापूर्वीचा हिशेब

अमेरिकेत नेमबाजी करणारे पुष्कळ लोक झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून देत नाहीत. ती गोळा करतात, साफ करतात आणि घरच्या घरी पुन्हा भरतात. एकच पुंगळी अनेकदा भरता येते, त्यामुळे खर्च वाचतो, आणि या छंदाभोवती तिकडे यंत्रांचा मोठा धंदा उभा राहिला आहे. घरासाठी यंत्र घेताना हिशेब कसा मांडावा, याचा हा नमुना आम्हाला बोलका वाटला म्हणून या वेळी तो घेतला आहे.

आरंभीच एक खुलासा. हे सर्व तिकडचे आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विक्रीसाठी भरायची तर लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार विनापरवाना काडतुसे तयार करता येत नाहीत. तेव्हा इथल्या कोणी असे यंत्र मागवण्याच्या भानगडीत पडू नये.

भरण्याची कामे ठरलेली असतात. जुनी प्रायमर, म्हणजे ठोका बसताच पेट घेणारी बुडाची टिकली, काढून पुंगळी मूळ मापावर आणायची. मग नवी प्रायमर बसवायची, दारू मोजून ओतायची, गोळी बसवायची, तोंड आवळायचे. साध्या प्रेसमध्ये एका वेळी एकच डाय बसतो. शंभर पुंगळ्यांवर आधी पहिले काम, मग त्याच शंभरांवर दुसरे. तासाला पन्नास ते शंभर काडतुसे झाली तरी खूप. प्रोग्रेसिव्ह प्रेसला खाली गोल तबकडी असते आणि तिच्या प्रत्येक घरात एक पुंगळी. दांडा ओढला की सगळ्या घरांतली कामे एकदम होतात, तबकडी एक घर सरकते, आणि घरे भरलेली असली की दर ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडते. तासाला चारशे-पाचशे सहज.

हा आकडा ऐकून गिऱ्हाईक हुरळते. आमचा पहिला प्रश्न मात्र असा, की तुम्ही महिन्याला झाडता किती? समजा, दुकानातल्या काडतुसापेक्षा घरचे १० सेंटांनी स्वस्त पडते आणि यंत्र, डाय व बाकी सामान मिळून १,००० डॉलर गेले. म्हणजे १०,००० काडतुसे भरल्यावर पैसे फिटणार. महिन्याला हजार झाडणाऱ्याचे दहा महिन्यांत फिटतील. दोनशे झाडणाऱ्याला चार वर्षांहून अधिक लागतील. अशाने साधा प्रेस किंवा ली कंपनीचा टरेट प्रेस घ्यावा. टरेटमध्ये पुंगळी एकच असते, डाय मात्र वर फिरून येतात. शिवाय ते १० सेंट कायमचे नसतात. २०२० आणि २०२१ मध्ये तिकडे प्रायमरचा असा तुटवडा पडला, की पैसे असूनही अनेकांची यंत्रे रिकामी बसली.

प्रोग्रेसिव्हच घ्यायचा तर डिलन कंपनीची दोन यंत्रे शेजारी ठेवून पाहावीत. ५५० ला चार घरे आहेत आणि तबकडी हाताने फिरवावी लागते. ७५० ला पाच घरे असून ती आपोआप फिरते. ५५० वर एका जातीच्या काडतुसावरून दुसऱ्यावर जाणे सोपे व स्वस्त पडते. निरनिराळी काडतुसे थोडी थोडी भरणाऱ्याला ते बरे. एकच काडतूस ढिगाने भरणाऱ्याने ७५० पाहावे. हॉर्नाडीच्या लॉक-एन-लोड यंत्रालाही पाच घरे असून त्याचे डाय थोडेसे फिरवून काढता-घालता येतात. ली कंपनीची यंत्रे सर्वांत स्वस्त, पण त्यांच्याशी खटपट करायची तयारी हवी.

पाचव्या घराची खरी किंमत वेगात नाही. पिस्तुलाच्या पुष्कळ काडतुसांत दारू अर्ध्या पुंगळीपेक्षाही कमी लागते. चुकून दोनदा पडली तरी ती आत मावते आणि वरून गोळी बसते. असे काडतूस झाडले तर पिस्तूल फुटते, हात-डोळे जातात. उलट दारू पडलीच नाही, तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते, आणि न पाहता दुसरी झाडणाऱ्याची नळी फुगते किंवा फाटते. हाताने फिरवायच्या यंत्रात तबकडी फिरवायची राहून गेली की त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा दारू पडू शकते. आपोआप फिरणाऱ्यात ही चूक होत नाही, पण मध्येच काही अडकून दांडा अर्ध्यावरून मागे घेतला की कोणत्या घरात काय झाले, याचा हिशेब चुकतो. पाचवे घर असले की तिथे दारूची उंची पाहणारा डाय बसवता येतो. तो नसेल तर यंत्रावर दिवा लावावा आणि गोळी ठेवण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत डोकवावे. पुस्तकात दिलेल्यांपैकी फुगीर दारू निवडली तर दोनदा पडताच ती ओसंडून दिसते. आमच्या मते नवख्याने पहिली शंभर काडतुसे प्रोग्रेसिव्हवरही एकेक पुंगळी घालूनच भरावीत.

जाहिरातीतल्या किमतीत बाकीचे सामान धरलेले नसते. दारू तोलायचा काटा, माप घ्यायचा कॅलिपर, पुंगळ्या साफ करायचे यंत्र आणि भरण्याचे छापील पुस्तक, हे सर्व वेगळे घ्यावे लागते. दारूचे माप ग्रेनमध्ये असते आणि ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. तिथे अंदाज चालत नाही. तिकडच्या अग्निसुरक्षा संहितेत घरी २० पौंड दारू मूळ डब्यात आणि १०,००० प्रायमर इथपर्यंत मुभा आहे. पुंगळ्या साफ करताना शिशाची धूळ उडते, म्हणून हे काम स्वयंपाकघरात करू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

जुने यंत्र मिळत असेल तर जरूर पाहावे. डिलनच्या ५५० व ७५० ला आयुष्यभराची हमी असते आणि ती मालक बदलला तरी चालते. पाहायला जाताना मोजक्या रिकाम्या पुंगळ्या खिशात न्याव्यात आणि दारू न घालता दांडा वीस-पंचवीस वेळा ओढून पाहावा. तबकडी प्रत्येक घरावर नेमकी थांबते का आणि प्रायमर पुढे सरकतात का, हे तिथेच कळते.