पुराव्यापुढें श्रद्धा टिकते काय?

आमच्या रोडपालीच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे नातवंडें मजभोवतीं जमतात आणि कांहींना कांहीं वाद निघतोच. परवां थोरल्या नातवानें विचारलें, “आजोबा, येशूच्या अस्थि सांपडल्या, तर ख्रिस्ती धर्म राहील का?” प्रश्नास निमित्त होतें. यरुशलेमेंतील तालपियोत येथें १९८० सालीं एक प्राचीन थडगें सांपडलें. त्यांत अस्थि ठेवण्याच्या दहा दगडी पेट्या होत्या व एकीवर ‘योसेफाचा पुत्र येशू’ असें कोरलेलें होतें. हें ख्रिस्ताच्याच कुटुंबाचें थडगें होय, असें २००७ सालच्या एका चित्रपटानें प्रतिपादिलें. परंतु तीं नांवें त्या काळीं घरोघर असत, म्हणून बहुतेक विद्वानांनीं तें मानलें नाहीं.

नातवाच्या स्वरांत थोडी चेष्टा होती. ती मला रुचली नाहीं. तथापि प्रश्न खरा आहे. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत हा पण स्वतःच लावून ठेविला आहे. ख्रिस्ताचें पुनरुत्थान झालें नसेल तर सारा उपदेश निष्फळ, असा त्याचा आशय. म्हणजे या धर्मानें आपला पाया एका घडलेल्या गोष्टीवर घातला आहे. उलट महात्मा गांधी १९३१ सालीं म्हणाले कीं, येशू नांवाचा पुरुष झालाच नाहीं असें ठरलें तरी गिरिप्रवचन आपणांस खरेंच वाटेल. गांधीजींस हें सोपें होतें. पौलास तें शक्य नव्हतें.

मग मनुष्याची श्रद्धा पुराव्यानें येते व पुराव्यानें जाते काय? आपल्यांतीलच दोन उदाहरणें पाहूं. काशींत वाढलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे चित्पावन, षड्दर्शनांचे अभ्यासक. जॉन म्यूर यांनीं संस्कृतांत ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताचें मंडन केलें, तेव्हां शास्त्रीबोवांनीं १८४४ च्या सुमारास ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ रचून त्याचें खंडन केलें. तेच शास्त्रीबोवा १८४८ सालीं जौनपूर येथें ख्रिस्ती झाले! बरें, शंकांनीं तेव्हां तरी त्यांची पाठ सोडली काय? नाहीं. १८९५ सालीं देहावसान होईपर्यंत ते शंकांशीं झगडत राहिले, पण धर्म सोडला नाहीं.

त्यांच्याच लिखाणाचा प्रभाव पडून पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. परंतु दोनच वर्षांनीं, त्रैक्य व ख्रिस्ताचें देवत्व या मूळ तत्त्वांवरूनच, त्यांचा आपल्या धर्ममातेशीं पत्रांतून कडाक्याचा वाद झाला. आचार्यांनीं सांगितलें म्हणून मान डोलविणें त्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या कन्येस ठाऊक नव्हतें. पुढें त्यांची श्रद्धा दृढ झाली ती वादांत कोणी जिंकलें म्हणून नव्हे, तर स्वतःच्या अनुभवानें. केडगांवचें मुक्तिसदन, दुष्काळांतून आणलेल्या निराधार मुली आणि अखेरपर्यंत चाललेलें हिब्रू-ग्रीकवरून बायबलचें मराठी भाषांतर, हें त्या श्रद्धेचें फळ.

तेव्हां मला असें वाटतें कीं, पुरावा आला तरी प्रार्थना, मंडळी, सेवा हीं सारीं बहुधा टिकतील. पण जें टिकेल तें तेंच राहणार नाहीं. मृत्यूवर विजय झाला ही वार्ता जाऊन त्या जागीं एक सुंदर दृष्टांत उरेल. मेलेल्या लेकराची पुन्हां भेट होईल या आशेवर जगणाऱ्या आईस दृष्टांत पुरेल काय? हा तोटा लहान नाहीं, आणि तो झालाच नाहीं असें म्हणणें प्रामाणिकपणाचें नव्हे.

नातू हंसून म्हणाला, “म्हणजे आपलें बरें आहे!” मीं विचारलें, “बाळ, मी दरवर्षीं वडिलांचें श्राद्ध करतों. पिंड त्यांस पोंचत नाहीं असें उद्यां कोणीं सिद्ध केलें, तर मी काय करावें?”

तो गप्प झाला. खरें सांगावयाचें तर क्षणभर मीही गप्प झालों. मग म्हणालों, “मी श्राद्ध करीनच. पण त्या दिवसापासून ती वडिलांची तृप्ति नसेल, माझी कृतज्ञता असेल. दोन्ही चांगल्या, पण दोन्ही एक नव्हेत. आणि त्या एकच आहेत असें मी तुला सांगणार नाहीं.”

चेष्टा तेथेंच थांबली. दिवा मालवतांना तो म्हणाला, “आजोबा, यंदां श्राद्धाला मीही तुमच्याजवळ बसेन.”