परवानगी मिळाली, रजेचं काय?

नोकरी नाकारल्या गेलेल्या ट्रान्स शिक्षिका जेन कौशिक यांच्या प्रकरणाचा निकाल वाचकांना ठाऊक असेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२५ च्या त्या निकालपत्रातलं एक निरीक्षण मात्र नुकसानभरपाईच्या बातमीखाली झाकलं गेलं. लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी कर्मचाऱ्याने मालकाची परवानगी घेण्याची गरज नाही. कामाचं स्वरूपच लिंगओळखीवर अवलंबून असेल, तर तेवढा अपवाद. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांना २०१८ च्या शस्त्रक्रियेआधी रजेसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. ते आठवलं की या निरीक्षणाचं मोल कळतं.

पण परवानगी नको म्हटल्याने पगारी रजा मिळत नाही. आणि ट्रान्स पुरुषांच्या टॉप सर्जरीत, म्हणजे छातीच्या शस्त्रक्रियेत, खरा कस लागतो तो घरी आल्यावर.

शस्त्रक्रिया काही तासांत उरकते. नंतर बहुतेकांना साधारण आठवडाभर ड्रेनच्या नळ्या असतात. त्यात साचलेलं रोज मोजून लिहून ठेवायचं. काही आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट घालायचं, झोपायचं ते पाठीवरच. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, हात डोक्याच्या वर न्यायचा नाही. लोकलची कडी धरणं, पाण्याची कळशी उचलणं, डिलिव्हरीची बॅग पाठीवर टाकणं, सगळं बंद. रोजंदारीवर जगणाऱ्याने हे दिवस काढायचे कसे?

वण पक्का व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. आपल्यासारख्या सावळ्या कातडीवर तो फुगण्याचा, केलॉइड होण्याचा धोका जास्त. म्हणून सिलिकॉनची पट्टी, मालिश, उन्हापासून जपणं आणि गरज पडली तर स्टेरॉइडचं इंजेक्शन. स्तनाग्र काढून पुन्हा बसवलं असेल, तर तिथली पूर्वीची संवेदना बहुधा परत येत नाही. काहींना कडेची जादा कातडी काढायला पुन्हा टेबलावर जावं लागतं. शिवाय थोडी स्तनपेशी मागे राहते. त्यामुळे कॅन्सरचा धोका खूप कमी झाला तरी संपत नाही. गाठ लागली तर दाखवायलाच हवी. हे रुग्णाला घरी सोडण्याआधी सांगितलं गेलं पाहिजे.

एवढं सोसून पस्तावा होतो का? अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला किमान दोन वर्षं झालेल्या १३९ जणांना विचारलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात समाधानाचा मध्यांक पाचापैकी पाच होता, पस्ताव्याचा शून्य. नमुना लहान आहे, हे मान्य. तरी ‘नंतर पस्तावशील’ म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे आकडे वाचावेत.

कागदावर आपल्याकडे सोय आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १५ शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार आणि विमा यांची जबाबदारी सरकारवर टाकतं. ‘आयुष्मान भारत टीजी प्लस’ योजनेत वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पण शस्त्रक्रिया मुंबई-पुण्यात होते आणि माणूस राहतो गावात. टाक्यांत पू झाला की तालुक्याच्या डॉक्टरसमोर शर्ट काढण्याआधी आयुष्याची सगळी कहाणी सांगावी लागते. खरं तर पुरुषांची वाढलेली छाती कमी करण्याची शस्त्रक्रिया आता जिल्ह्याच्या गावीही होते. तिथली ड्रेसिंग, तिथलं जॅकेट बरंचसं हेच. कौशल्य हाताशी आहे, माणसाला आत घ्यायची तयारी नाही.

केरळने शस्त्रक्रियेच्या खर्चासोबत नंतर वर्षभर दरमहा ३,००० रुपये देण्याची योजना केली. त्याच केरळात अनन्या कुमारी अलेक्स ही ट्रान्स स्त्री शस्त्रक्रियेला वर्ष उलटूनही वेदना थांबत नाहीत, हे जाहीरपणे सांगत राहिली. तिची शस्त्रक्रिया वेगळी होती, तक्रार नंतरच्या हालांची होती. जुलै २०२१ मध्ये ती गेली. नुसत्या पैशाने भागत नाही, ते असं.

महाराष्ट्राने निदान दोन गोष्टी कराव्यात: प्रत्येक जिल्हा रुग्णालयात या रुग्णांच्या फेरतपासणीसाठी ठरलेला वार, आणि सेवानियमांत सहा आठवड्यांची पगारी रजा. तुम्ही शाळा, कारखाना किंवा दुकान चालवत असाल, तर रजेसाठी सरकारी आदेशाची वाट पाहू नका.