खिळ्याच्या गंजाचा दोष नाही

भातलावणीच्या दिवसांत चिखलात अनवाणी उभे राहून काम चालते. तळपायात काहीतरी टोचते. ते उपटून बांधावर फेकले जाते, जखमेत हळद दाबली जाते आणि काम पुढे सुरू होते. शहरात हाच प्रसंग वेगळ्या रूपात घडतो. घराच्या दुरुस्तीत पडलेल्या फळीचा खिळा चप्पल भेदून पायात शिरतो. मग घरातले दोनच प्रश्न विचारतात. ‘गंजलेला होता का?’ आणि ‘टीटी घेतलेस का?’

दोन्ही प्रश्नांमागची काळजी खरी आहे, पण दोन्हींत थोडी गल्लत आहे. गंजाने धनुर्वात होत नाही. धनुर्वात होतो तो ‘क्लॉस्ट्रिडियम टेटनी’ या जिवाणूच्या विषाने, आणि त्याचे वास्तव्य असते मातीत, शेणात, घोड्याच्या लिदीत. गंजलेला खिळा बदनाम झाला, कारण तो बहुधा मातीत पडलेला असतो आणि अरुंद पण खोल जखम करतो. बाभळीचा काटा, बांबूची कूस किंवा कोयत्याचे टोक हेच काम तितक्याच सहजपणे करते. नवाकोरा चकचकीत खिळाही मातीने माखला असेल तर सुरक्षित नाही.

दुसऱ्या प्रश्नातली गल्लत अधिक महत्त्वाची आहे. ती समजण्यासाठी आधी या जिवाणूच्या घराण्याची ओळख हवी.

झोपलेले बीजाणू

क्लॉस्ट्रिडियम घराण्याच्या जिवाणूंना प्राणवायू सोसत नाही. उघड्या हवेत ते वाढू शकत नाहीत. पण परिस्थिती प्रतिकूल झाली की ते स्वतःभोवती टणक कवच तयार करून बीजाणूच्या रूपात निपचित पडून राहतात. असा बीजाणू ऊन, दुष्काळ आणि थंडी सोसत मातीत वर्षानुवर्षे टिकतो. पाणी उकळून तो मरेलच याची खात्री नाही. हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या सॅनिटायझरलाही तो दाद देत नाही. प्राणवायू नसलेली, ओलसर आणि पोषक जागा मिळाली की तो जागा होतो, वाढतो आणि विष तयार करू लागतो.

शिबासाबुरो कितासातो या जपानी शास्त्रज्ञाने १८८९ मध्ये बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत याच चिवटपणाचा उपयोग करून घेतला. जखमेतल्या पुवात अनेक जिवाणू एकत्र असतात, त्यामुळे धनुर्वाताचा जिवाणू वेगळा काढता येत नव्हता. कितासातो यांनी मिश्रण तापवले. बाकीचे जिवाणू मेले, धनुर्वाताचे बीजाणू मात्र तगले. मग प्राणवायू काढून टाकलेल्या भांड्यात त्यांनी ते वाढवले. पुढच्याच वर्षी त्यांनी आणि एमिल फॉन बेरिंग यांनी दाखवून दिले की, या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. प्रतिविषाच्या उपचारांची सुरुवात इथून झाली.

शरीराचे धनुष्य का होते?

आपले स्नायू जोडीने काम करतात. एक आखडतो तेव्हा दुसऱ्याला सैल पडण्याचा संदेश मिळतो. धनुर्वाताचे विष जखमेतून नसांच्या वाटेने मज्जारज्जूपर्यंत पोहोचते आणि सैल पडण्याचा हा संदेशच थांबवते. मग सगळे स्नायू एकाच वेळी आखडतात. पाठीचे स्नायू अधिक बळकट असल्याने शरीर मागे कमानीसारखे वाकते. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांतले ‘धनुःस्तंभ’ हे नाव या लक्षणावरूनच आले.

सुरुवात मात्र इतकी नाट्यमय नसते. बहुतेकांना आधी जबडा उघडता येत नाही, गिळताना त्रास होतो, मान ताठ होते. त्यामुळे काही रुग्ण आधी दातांच्या किंवा घशाच्या डॉक्टरांकडे जातात. लक्षणे जखमेनंतर साधारण ३ ते २१ दिवसांत दिसतात. तोवर जखम भरलेली असते, कधी ती आठवतही नाही. आवाजाने, प्रकाशाने किंवा नुसत्या स्पर्शाने आचके येतात आणि या सगळ्यात रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो.

उपचार आहेत. रक्तात मोकळे फिरणारे विष निष्प्रभ करण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिन, जखमेची शस्त्रक्रियेने सफाई, मेट्रोनिडाझोलसारखे प्रतिजैविक, आचके थांबवणारी औषधे, शांत खोली आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वास. पण नसांना चिकटलेले विष कोणत्याही औषधाने सुटत नाही. नसांची टोके पुन्हा सावरेपर्यंत, म्हणजे काही आठवडे, रुग्णाला जगवत ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते.

लस जखमेआधीची

आता ‘टीटी घेतलेस का?’ या प्रश्नाकडे वळू. खरा प्रश्न असा हवा: ‘आधीचे डोस पूर्ण आहेत का?’

लहानपणी लसीचे डोस पूर्ण झालेल्या माणसाला जखमेनंतर दिलेले इंजेक्शन म्हणजे शरीराला करून दिलेली आठवण. त्याची प्रतिकारशक्ती काही दिवसांत उसळी घेते. ज्याने आयुष्यात कधीच लस घेतली नाही, त्याचे शरीर हा धडा पहिल्यांदाच शिकत असते. पहिल्या डोसने त्या जखमेपुरते पुरेसे संरक्षण वेळेत मिळत नाही. अशा माणसाला मातीची किंवा खोल जखम झाली, तर लसीबरोबर तयार प्रतिद्रव्ये, म्हणजे टेटॅनस इम्युनोग्लोब्युलिन, द्यावे लागते आणि लसीचे उरलेले डोसही वेळापत्रकाप्रमाणे घ्यावे लागतात. ‘टीटी घेतले’ म्हणून निश्चिंत होणाऱ्यांत असे लोक असतात.

उलट, दर सहा महिन्यांनी किरकोळ खरचटल्यावर इंजेक्शन घेण्याचीही गरज नाही. डोस पूर्ण असतील तर स्वच्छ आणि लहान जखमेसाठी शेवटचा डोस १० वर्षांपेक्षा जुना असेल तरच नवा लागतो. मातीच्या, खोल किंवा चिरडलेल्या जखमेसाठी ही मर्यादा ५ वर्षे आहे. फार वारंवार डोस घेतल्याने दंडावर सूज आणि वेदना मात्र वाढू शकतात.

भारतात आता टीटीऐवजी ‘टीडी’ दिली जाते. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण असते. बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या सुमारास पेंटाव्हॅलंट, मग दीड ते दोन वर्षे आणि ५ ते ६ वर्षे या वयात डीपीटीचे बूस्टर, पुढे १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडी, असा सरकारी कार्यक्रम आहे. गर्भवतीलाही टीडी मिळते. त्यानंतर दर १० वर्षांनी एक डोस घ्यावा, असा सल्ला दिला जातो. पण त्याची आठवण करून द्यायला घरी कोणी येत नाही.

इथेच एक मोठी फट आहे. देशात सर्वांसाठीचा लसीकरण कार्यक्रम १९७८ मध्ये सुरू झाला आणि १९८५ नंतर विस्तारला. त्याआधी जन्मलेल्या अनेकांना बालपणीचे डोस मिळालेच नाहीत. त्यातल्या बऱ्याच स्त्रियांना निदान गरोदरपणात लस मिळाली. पुरुषांच्या वाट्याला असा ठरलेला प्रसंगच आला नाही. आज साठी-सत्तरीत असलेले, शेतात, गोठ्यात, बागेत हात घालणारे हे वडीलधारे. शिवाय धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. म्हणून आजूबाजूच्या सगळ्यांनी लस घेतली तरी न घेतलेल्याला त्याचा आडोसा मिळत नाही. एकदा धनुर्वात होऊन गेला तरी प्रतिकारशक्ती येत नाही, कारण जीव घेणारी विषाची मात्राही शरीराला धडा शिकवण्याइतकी मोठी नसते. त्यामुळे बऱ्या झालेल्या रुग्णालाही लस द्यावीच लागते.

लस काय करू शकते, याचे उदाहरण दुसऱ्या महायुद्धात दिसले. लस टोचलेल्या अमेरिकी सैन्यात संपूर्ण युद्धकाळात धनुर्वाताचे अवघे १२ रुग्ण नोंदले गेले. दुसरे उदाहरण आपल्याकडचे. विळ्याने नाळ कापायची आणि तिला राख किंवा शेण लावायचे, या प्रथेमुळे पहिले दोन दिवस चांगले दूध ओढणारे बाळ अचानक दूध ओढेनासे होई आणि दगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने गेली. गर्भवतींना लस, दवाखान्यात बाळंतपण आणि स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवे पाते, स्वच्छ दोरा, नाळेला काहीही न लावणे ही पंचसूत्री, एवढ्या बळावर २०१५ मध्ये भारताने माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन साधले. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे वर्षाला एकापेक्षा कमी रुग्ण. मातीतला बीजाणू तिथेच आहे. लसीकरण ढिले पडले की तो परत येऊ शकतो.

टाके का घातले नाहीत?

अपघातात चिरडलेला, मातीने भरलेला पाय घेऊन रुग्ण येतो. डॉक्टर जखम धुतात, मेलेला भाग कापून काढतात आणि जखम उघडीच ठेवून पट्टी बांधतात. नातेवाइकांना वाटते, काम अर्धवट सोडले. खरे तर ती उघडी ठेवण्यामागे शहाणपण आहे. मळलेली जखम घाईने शिवली, तर आत प्राणवायू नसलेली पोकळी तयार होते. तिथे ‘क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स’ वाढला की गॅस गँगरीन होते. पहिल्या महायुद्धात शेणखत घातलेल्या शेतांत खंदक खणून लढणाऱ्या हजारो सैनिकांना त्याने ग्रासले होते.

जखमेच्या मानाने फारच जास्त वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, काळपट पडणारी कातडी, दाबल्यावर कातडीखाली कुरकुर जाणवणे ही त्याची लक्षणे. त्यावर लस नाही. तातडीची शस्त्रक्रिया, पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन हे उपचार आहेत, पण तिथे तासांचा हिशेब असतो. म्हणूनच जखम झाल्यावरचे पहिले काम म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुणे. हळद, चुना, तंबाखू, माती यांपैकी काहीही आत भरू नये.

पातेले, मध आणि गोळ्या

हेच घराणे स्वयंपाकघरातही आहे. लग्नघरात मोठ्या पातेल्यात शिजलेला मटणाचा रस्सा रात्रभर झाकून ठेवला, तर शिजताना तगलेले परफ्रिंजन्सचे बीजाणू कोमट रश्शात जागे होतात. दुसऱ्या दिवशी ते जेवण पोटात गेले की साधारण ८ ते १२ तासांत अनेकांना एकदमच पोटात कळा आणि जुलाब सुरू होतात. उरलेले अन्न दोन तासांच्या आत लहान, उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवणे आणि खाण्याआधी खळखळून तापवणे, हा त्यावरचा सोपा उपाय.

तान्ह्या बाळाला मध चाटवण्याची किंवा मधात गुटी उगाळून देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. मधात ‘क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम’चे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचे काही चालत नाही. एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते रुजू शकतात. धनुर्वात शरीर ताठ करतो, हे विष ते लुळे पाडते. आधी बद्धकोष्ठ, मग क्षीण रडणे, दूध ओढण्याची ताकद नसणे, मान न धरणे. मध शुद्ध आहे की नाही, याचा इथे संबंध नाही आणि घरी तापवूनही उपयोग होत नाही. पहिला वाढदिवस होईपर्यंत मध नको.

घराण्यातला आणखी एक सदस्य, ‘डिफिसील’, प्रतिजैविकांच्या मागून येतो. गोळ्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू साफ झाले की त्याला जागा मिळते. प्रतिजैविक सुरू असताना किंवा थांबवल्यावर काही आठवड्यांत वारंवार पातळ जुलाब होऊ लागले, विशेषतः वृद्धांना किंवा रुग्णालयात राहून आलेल्यांना, तर स्वतःच जुलाब थांबवणारी गोळी न घेता डॉक्टरांना आधीच्या औषधांची माहिती द्यावी. अशा रुग्णाची सेवा करणाऱ्यांनी हात सॅनिटायझरने नव्हे, साबण-पाण्याने धुवावेत. सर्दी-पडशासाठी प्रतिजैविक न मागणे, हा तर त्याहून आधीचा उपाय.

बीजाणू जगातून नाहीसे करता येणार नाहीत. त्यांना रुजायला जागा द्यायची की नाही, एवढे आपल्या हातात आहे. जखम धुऊन, पातेले रिकामे करून, मधाची बाटली वर्षभर बाजूला ठेवून ते साधते. आणि धनुर्वातापुरते एक काम याच आठवड्यात करण्यासारखे आहे. घरातल्या आजोबांना, मामांना, गोठा सांभाळणाऱ्या गड्याला विचारावे, ‘धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली?’ उत्तर ‘आठवत नाही’ असे आले, तर खिळा टोचायची वाट न पाहता त्यांना जवळच्या आरोग्य केंद्रात घेऊन जावे.