गावाच्या हाती जंगल गेले की काय होते?

‘जंगल गावाच्या ताब्यात दिलं, की पाच वर्षांत बोडकं होईल.’ सामूहिक वनहक्काचा विषय निघाला की ही भीती हमखास पुढे येते. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. ते जंगल आजही उभे आहे, आणि त्यातला बांबू गावाला रोजगार देतो.

भीतीचे मूळ अपुऱ्या माहितीत आहे. हा हक्क म्हणजे सातबारा नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेले हक्क वारसाने पुढे जातात, पण ते विकता येत नाहीत आणि दुसऱ्याच्या नावेही करता येत नाहीत. जंगल राखण्याचा, वाढवण्याचा आणि त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकार गावाला मिळतो. बांबू, तेंदूपत्ता, मोहफुले, डिंक अशा गौण वनोपजावर गावाची मालकी येते. इमारती लाकूड त्यात मोडत नाही. शिवाय वन्यजीव, पाणी आणि जैवविविधता जपण्याची जबाबदारी याच कायद्याच्या कलम ५ मध्ये आहे.

‘गरीब माणूस आधी पोट पाहणार, वाघ-अस्वल नंतर,’ असेही म्हटले जाते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातले पाचगाव याला सणसणीत उत्तर आहे. या गावाला २०१२ साली हजार हेक्टरांच्या आसपास जंगलावर हक्क मिळाला. तेंदूपत्ता म्हणजे ऐन उन्हाळ्यात, हाताला दुसरे काम नसताना मिळणारा रोख पैसा. पण चांगले पान हवे म्हणून तेंदूची झुडपे छाटली जातात, नवी पालवी जोमाने फुटावी म्हणून जंगलात आगही लावली जाते. त्या आगीत कोवळी रोपे जळतात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात. छाटलेल्या झुडपाला टेंभरे लागत नाहीत, म्हणजे माणसाचा आणि अस्वलाचा दोघांचाही खाऊ जातो. पाचगावच्या ग्रामसभेने हे सारे तोलले आणि तेंदू तोडणेच बंद केले. मिळकतीसाठी बांबूवर भर दिला आणि सुमारे ३४ हेक्टर जंगल देवराईसारखे, कशालाही हात न लावता राखून ठेवले. हा निर्णय त्यांच्यावर कोणी लादला नव्हता, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट.

गावकऱ्यांना व्यापार जमणार नाही, हा समजही असाच. १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. त्यामुळे २००६ च्या कायद्याने तो गौण वनोपज ठरवूनही मेंढ्याला वाहतूक परवान्यासाठी झगडावे लागले. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवाना पुस्तिका ग्रामसभेकडे दिली. त्यानंतर गावाने बांबू स्वतः विकला, हिशेब स्वतः ठेवले. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते. पैसा चार पुढाऱ्यांच्या खिशात जाईल ही शंका रास्त आहे. तिचा बंदोबस्त अशा उघड्या बैठकीतच होतो. २०१२ च्या सुधारित नियमांनुसार ग्रामसभेत निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश महिला.

दाट जंगल असलेल्या गावांनाच हे परवडते, असेही नाही. मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात असलेल्या पायविहीरला मिळालेले १९३ हेक्टर बरेचसे उजाड होते. गावाने झाडे लावली, चराईला आळा घातला आणि तिथली सीताफळे शहरांतल्या बाजारात नेऊन विकली.

संयुक्त वनव्यवस्थापन समिती आणि सामूहिक वनहक्क एकच, हा घोळ तर शिकलेल्यांतही दिसतो. समितीचा आधार शासननिर्णय, वनहक्काचा आधार संसदेचा कायदा. समितीत गाव वन विभागाचे भागीदार असते. वनहक्कात व्यवस्थापनाचा आराखडा ग्रामसभाच करते.

मात्र हक्क मिळाला म्हणजे गरिबी हटली, हा उलट टोकाचा समजही तितकाच चुकीचा. २०१७ साली तेंदूला चढा भाव मिळाला, पुढच्याच हंगामात तो घसरला. पान सुकवून साठवायला गोदाम नाही आणि मजुरी चुकती करायला हाताशी भांडवल नाही, अशा ग्रामसभेला ठेकेदार देईल तो भाव घ्यावा लागतो. गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे वनहक्क आहेत. त्यांतल्या काहींनी महासंघ करून एकत्र लिलाव सुरू केले, ते याच अडचणीपायी.