एंजिन-ठोकळ्याची दुरुस्ती

अंतर्ज्वलन-एंजिनाचे सिलिंडर, त्यांच्या भोवतालचे पाण्याचे कप्पे, वंगणाचे मार्ग व भुजादंडाचे धारवे ज्या एकसंध ओतीव भागात सामावलेले असतात, त्यास एंजिन-ठोकळा किंवा ब्लॉक म्हणतात. जुन्या मालमोटारींचा ठोकळा बहुधा करड्या बिडाचा असतो. टाटा व डायम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने १९५४ पासून जमशेदपूर येथे तयार होऊ लागलेल्या मालमोटारींची सहा सिलिंडरांची डीझेल एंजिने याच प्रकारची होती. बिडात साधारणपणे ३ ते ३.५ टक्के कार्बन असून त्याचा बराचसा भाग ग्रॅफाइटाच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे बीड दाब उत्तम सोसते व कंपने शोषून घेते. परंतु ताण पडल्यास ते न वाकता एकदम तडकते.

कारणे : थंड प्रदेशांत ठोकळ्यातील पाणी गोठून सु. ९ टक्के प्रसरण पावते व कप्प्याची भिंत फोडते. वाशीम जिल्ह्यात हे कारण संभवत नाही. येथे उन्हाळ्यात तापमान ४०° से.च्या वर जाते आणि अतितापन हेच मुख्य कारण ठरते. जिल्ह्याची भूमी बेसाल्टाची असल्याने विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी पुष्कळदा जड असते. असे पाणी रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षे घातल्यास त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या लवणांचे कीटण कप्प्यांत साचते, उष्णता बाहेर पडत नाही व भिंतीचा काही भाग प्रमाणाबाहेर तापतो. पाणी आटलेल्या, तापलेल्या एंजिनात चालकाने एकदम थंड पाणी ओतले, तर विषम संकोचाने तडा जातो. दट्ट्याचा जोडदांडा तुटून भिंतीवर आदळणे, हे आणखी एक कारण होय.

निदान : वंगणतेल दुधाळ होणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे, निष्कास धूर पांढरा दिसणे व बाहेर गळती न दिसताही पाणी कमी होणे, ही लक्षणे होत. हेडखालील गॅस्केट फुटल्यासही हीच लक्षणे दिसतात. म्हणून ठोकळा नादुरुस्त ठरविण्यापूर्वी गॅस्केट व हेड तपासावे लागते. सुटा केलेला ठोकळा स्वच्छ करून त्याची तोंडे बंद करतात, त्यात दाबाची हवा भरतात व तो गरम पाण्यात बुडवितात. बुडबुडे निघतील तेथे तडा असतो. बाहेरील भिंतीवर रॉकेल लावून, पुसून वर खडूची पूड फासली, तरी तड्याची रेषा ओलसर उमटते.

दुरुस्तीच्या पद्धती : कोणत्याही पद्धतीत बहुधा प्रथम तड्याच्या दोन्ही टोकांशी लहान भोके पाडतात. त्यामुळे टोकाशी एकवटलेले प्रतिबल विखुरते व तडा पुढे सरकत नाही.

(१) वितळजोडकाम : बीड जोडताना ते झपाट्याने थंड झाल्यास कठीण व ठिसूळ पांढरे बीड बनते आणि जोडाशेजारीच नवा तडा जातो. म्हणून ठोकळा सु. ५००° ते ६५०° से. पर्यंत सावकाश तापवून बिडाच्याच सळईने जोडतात व राखेत किंवा वाळूत पुरून हळूहळू निववितात. ठोकळा न तापविता जोडावयाचा असल्यास निकेलयुक्त विद्युत् अग्र वापरून सु. २५ मिमी. लांबीचे तुकडे जोडतात, प्रत्येक तुकडा गरम असतानाच हलक्या हातोडीने ठोकतात आणि तो निवल्यावरच पुढचा घेतात. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, अमेरिकेने ताब्यात घेतलेल्या जर्मन जहाजांची बिडाची सिलिंडरे जर्मन खलाशांनी आधीच फोडून ठेवली होती. त्यांतील बरीच विद्युत् वितळजोडकामाने दुरुस्त झाल्यामुळे या तंत्रास मोठी चालना मिळाली.

(२) धातुशिवण : तड्याला काटकोनात भोकांच्या रांगा पाडून त्यांत निकेल मिश्रधातूच्या किल्ल्या ठोकून बसवितात व तड्याच्या रेषेवर एकमेकींत शिरणारी आट्यांची खुंटे आवळतात. यात उष्णता लागत नसल्याने ठोकळा वाकत नाही. काम कौशल्याचे व वेळखाऊ असले, तरी महत्त्वाच्या भागांस हीच पद्धत विशेष सोयीची असते.

(३) इतर : सिलिंडराच्या भिंतीतील तड्यासाठी भोक मोठे करून नवे लायनर दाबून बसवितात. पाण्याच्या कप्प्याच्या बाहेरील भिंतीवर एपॉक्सी रेझीन किंवा स्क्रूंनी आवळलेले पत्र्याचे ठिगळ चालते. ज्वलनकोठीजवळ ते टिकत नाही. पाण्यात सोडियम सिलिकेट मिसळून बारीक झिरपा बंद करता येतो. पण हा तात्पुरता उपाय असून त्याचा अतिरेक झाल्यास रेडिएटरच्या नळ्या बुजतात व मूळ दोष वाढतो.

मर्यादा : भुजादंडाच्या धारव्यांजवळ किंवा हेडचे बोल्ट जेथे आवळले जातात तेथे तडा असल्यास ठोकळा बदलणे श्रेयस्कर; घाटात भरल्या गाडीचे एंजिन निकामी होणे जीवावर बेतू शकते. मात्र एंजिनाचा क्रमांक ठोकळ्यावरच कोरलेला असल्याने बदलाची नोंद परिवहन कार्यालयात नोंदणी प्रमाणपत्रावर करून घ्यावी लागते. दुरुस्तीनंतर दाबचाचणी पुन्हा घेणे, वरचा पृष्ठभाग सपाट असल्याची व धारवे एका रेषेत असल्याची खात्री करणे आवश्यक असते. पुढे मृदू पाणी व योग्य शीतक वापरणे, तसेच तापलेले एंजिन निवल्यावरच रेडिएटरचे झाकण उघडणे, हाच तडे टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय.